वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयातील सॉफ्टबॉल प्रशिक्षकाची नोकरी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. उरलेल्या तिघांनी तेही वाचावे, कारण त्यांच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे त्यातच आलेली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघात शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, खेळते. अमेरिकेतील कॅरोल हचिन्स या प्रशिक्षिकेने १,७०७ सामने जिंकून निवृत्ती घेतली, असे तिच्या वाचनात आले आणि तेव्हापासून ‘मलाही हेच करायचे आहे’ असे ती म्हणते. महाविद्यालयाच्या संघाला सॉफ्टबॉल शिकवणे हा जन्मभराचा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो, हेच मुळात मला पटत नाही. या बाईंनी नेमके काय केले आणि ही नोकरी असते तरी कशी?
(एक पालक, जळगाव)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हचिन्स स्वतः विद्यार्थिनी होत्या तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या पालकाने हीच शंका काढली असती, तर तिचे ठाम उत्तर देणे तिथेही कुणाला जमले नसते. ही नोकरी त्यांना आयती मिळाली नाही. ती आधी निर्माण व्हावी लागली, आणि तिच्या निर्मितीत त्यांचा स्वतःचा हात होता. म्हणून १,७०७ या आकड्यापासून सुरुवात न करता थोडे मागे जातो.

हचिन्स यांचा जन्म १९५७ मधला, मिशिगन राज्यातील लॅन्सिंगचा. शेजारच्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात त्या शिकल्या आणि तिथे बास्केटबॉल व सॉफ्टबॉल असे दोन्ही खेळ खेळल्या. सॉफ्टबॉलमध्ये त्या आपल्या मुलीप्रमाणेच शॉर्टस्टॉप होत्या. १९७६ साली, म्हणजे त्यांच्या पहिल्याच वर्षी, त्यांच्या संघाने ओमाहा येथे झालेली महिला महाविद्यालयीन जागतिक मालिका जिंकली. (नाव ‘जागतिक’ असले तरी संघ सगळे अमेरिकेतलेच असतात, अमेरिकन खेळांना ही सवय जुनीच आहे.) त्या काळी ही स्पर्धा मुलींच्या खेळांची स्वतंत्र संघटना घेत असे. आज जिचे नाव सर्वत्र ऐकू येते, त्या एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने महिलांच्या सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरवायला सुरुवात केली ती १९८२ पासून.

जून १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून भेदभाव करू नये, एवढाच त्याचा आशय होता आणि मूळ मजकुरात खेळाचा उल्लेखसुद्धा नव्हता. कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदानावर काही बदलले नाही. १९७९ मध्ये मिशिगन स्टेटच्या महिला बास्केटबॉल संघातील खेळाडूंनी आपल्याच विद्यापीठाविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. मुलांच्या संघाला मिळणारा भोजनभत्ता, प्रवासाची व मुक्कामाची सोय आणि सरावाच्या सुविधा यांच्या मानाने आम्हाला कमी दिले जाते, ही त्यांची तक्रार होती. वादींमध्ये पहिले नाव हचिन्स यांचे असल्यामुळे तो खटला आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आंतरविद्यापीठ स्पर्धेला रात्रभर दाटीवाटीने रेल्वेप्रवास करून गेलेल्या आणि भत्त्याच्या पैशांसाठी पुढे कार्यालयात खेटे घातलेल्या आपल्याकडच्या खेळाडूंना या तक्रारीचे मुळीच नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते एवढ्याचेच, की त्यासाठी बावीस वर्षांच्या आत-बाहेरच्या मुली न्यायालयापर्यंत गेल्या.

त्यानंतरचा मार्ग सरळ दिसतो. इंडियाना विद्यापीठातून १९८१ मध्ये पदव्युत्तर पदवी, १९८२ मध्ये फेरिस स्टेट या लहान विद्यापीठात एक हंगाम मुख्य प्रशिक्षक, मग दोन हंगाम अॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात साहाय्यक आणि १९८५ पासून तिथेच मुख्य प्रशिक्षक. २०२२ मध्ये वयाच्या पासष्टाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्यांनी संघ बदलला नाही. हे विद्यापीठ त्यांच्या स्वतःच्या मिशिगन स्टेटचे हाडवैरी, ही गोष्ट तिथले लोक आवर्जून सांगतात.

अडचण होती ती बर्फाची. महाविद्यालयीन सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि त्या दिवसांत मिशिगनची मैदाने गोठलेली असतात. कॅलिफोर्निया आणि अॅरिझोना येथील संघ जानेवारीतही उन्हात, खऱ्या मातीवर सराव करतात, तेव्हा उत्तरेकडचे संघ छपराखाली, कृत्रिम गवतावर चेंडू उचलत असतात. त्या गवतावर चेंडू सरळ आणि शहाण्यासारखा येतो, मातीवर तो कधी दबतो, कधी उसळून छातीवर येतो. त्यामुळे हंगामाचे पहिले कित्येक सामने हे संघ दक्षिणेत किंवा पश्चिमेत जाऊन, दुसऱ्याच्या अंगणात खेळतात. एनसीएएची स्पर्धा सुरू झाल्यापासून २००४ पर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही संघाला विजेतेपद मिळाले नव्हते, याचे मोठे कारण हेच होते.

हचिन्स यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा १,७०७ नाही. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर अंतिम आठ संघांच्या त्या महिला महाविद्यालयीन जागतिक मालिकेपर्यंत पहिल्यांदा पोहोचायला त्यांना १९९५ साल उजाडले, म्हणजे अकरावा हंगाम. त्यानंतर १९९६, १९९७, १९९८, २००१, २००२ आणि २००४ या वर्षी त्या पुन्हा तिथे गेल्या आणि दर वेळी विजेतेपदाविना परतल्या. अकरा वर्षे वाट पाहणारी बाई जशी विरळा, तशीच तिला अकरा वर्षे ठेवून घेणारी संस्थाही विरळा. ‘यश आले म्हणून टिकल्या’ असे त्यांच्याबद्दल लिहिले जाते. तारखा पाहिल्या तर टिकल्या म्हणून यश आले, असेच म्हणावे लागते.

ते यश आले २००५ मध्ये, एकविसाव्या हंगामात. अंतिम फेरी तीन सामन्यांची करण्याची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली होती. समोर लॉस एंजेलिसचे यूसीएलए विद्यापीठ होते, म्हणजे ज्यांच्याकडे विजेतेपदे घरच्या भांड्यांसारखी मांडलेली होती असा संघ. पहिला सामना मिशिगनने ०–५ असा गमावला, दुसरा ५–२ असा जिंकला. तिसऱ्या सामन्यात नेमून दिलेल्या सात इनिंग (डाव) संपल्या तेव्हा १–१ अशी बरोबरी होती. मिशिगनकडून जेनी रिटर पिचिंग करीत होती, म्हणजे चेंडू टाकत होती. आठवी इनिंग गेली, नववी गेली आणि दहाव्या इनिंगमध्ये दोन धावपटू बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांवर, असताना समॅन्था फिंडले या पहिल्या वर्षाच्या मुलीने चेंडू कुंपणापलीकडे मारला. ४–१. पूर्वेकडच्या संघाचे ते पहिले विजेतेपद, असे सगळीकडे छापून आले. एनसीएएची स्पर्धा धरली तर ते बरोबरच आहे. पण १९७६ मध्ये ओमाहाला जिंकलेला मिशिगन स्टेटचा संघही त्याच नदीच्या पूर्वेचा होता आणि त्याची शॉर्टस्टॉप आता विजयी संघाच्या डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेत) उभी होती, हे ‘पहिले’ म्हणणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

आता नोकरीचे स्वरूप. सामना पाहताना प्रशिक्षक दिसतो तो तिसऱ्या बेसजवळ उभा राहून टोपीला, कानाला, मनगटाला हात लावत खुणा करणारा. त्या वेळेपर्यंत त्याचे बहुतेक काम होऊन गेलेले असते. आपली मुलगी शॉर्टस्टॉप आहे, म्हणून तिच्याच जागेचे उदाहरण देतो. पहिल्या बेसवर प्रतिस्पर्धी धावपटू आहे आणि बॅटिंग करणारीने बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवून पुढ्यात पाडला. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या खेळाडू चेंडूकडे झेपावतात, दुसऱ्या बेसची खेळाडू पहिला बेस सांभाळायला पळते, शॉर्टस्टॉप दुसऱ्या बेसवर जाते आणि तिसरा बेस ओस पडतो. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर अवघे ६० फूट, बेसबॉलमध्ये असते त्याच्या दोन तृतीयांश. धावपटू चलाख असेल तर ती दुसऱ्या बेसवर न थांबता सरळ तिसरा गाठते. तिथे पिचरने धावायचे, कॅचरने जायचे की लेफ्ट फील्डरने आत यायचे, हे प्रत्येक प्रशिक्षक आपल्या संघापुरते ठरवतो. ठरवणे हे एका संध्याकाळचे काम आहे. ते अठरा-वीस वर्षांच्या नऊ मुलींच्या पायांत उतरवायला सबंध हिवाळा लागतो. अशा पन्नास-साठ गोष्टी असतात, आणि दर चार वर्षांनी सगळ्या मुली पदवी घेऊन निघून गेलेल्या असल्यामुळे त्या पुन्हा पहिल्यापासून शिकवाव्या लागतात.

शिवाय वेळेचे बंधन असते. हंगाम चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. नियमित हंगामात जास्तीत जास्त ५६ सामने, त्यांपैकी बरेच शुक्रवार ते रविवार सलग. मधल्या दिवसांत मुलींचे वर्ग, परीक्षा आणि गुणपत्रके, कारण ठरावीक गुणांखाली गेलेल्या मुलीला खेळता येत नाही. पैशाचा हिशेब वेगळाच. अगदी अलीकडेपर्यंत वरच्या श्रेणीतील विद्यापीठाला सॉफ्टबॉलसाठी फक्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या वीसएक मुलींमध्ये तुकडे करून वाटाव्या लागत. कुणाला पाऊण, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तके. त्या वाटणीतून रुसवेफुगवे झाले नाहीत असा संघ नसावा.

एवढे केल्यावर ३८ मिशिगन हंगामांत त्यांचा एकही हंगाम जिंकण्यापेक्षा हरण्याचा ठरला नाही. २२ वेळा त्यांनी आपल्या ‘बिग टेन’ गटाचे विजेतेपद मिळवले आणि अंतिम आठांत त्या एकूण १२ वेळा पोहोचल्या. कारकिर्दीतले पराभव ५५१ आणि बरोबरीचे सामने ५. हा ५५१ चा आकडा मुलीला अवश्य दाखवा. तो कुणी मथळ्यात घेत नाही.

प्रश्न : अमेरिकेत महिलांच्या सॉफ्टबॉल संघांना पुष्कळदा पुरुष प्रशिक्षक दिसतात. कायदा जर मुलींच्या बाजूने झाला, तर त्या नोकऱ्या पुरुषांकडे कशा गेल्या?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : कायद्यामुळेच गेल्या, असे म्हटले तर विचित्र वाटेल, पण घडले तसेच. १९७२ पूर्वी महिलांच्या महाविद्यालयीन संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघ स्त्रियाच सांभाळत असत. कारण उघड होते : ते काम बहुधा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेच्या गळ्यात अतिरिक्त म्हणून पडे आणि त्याचे पैसे नगण्य असत. कायद्यानंतर त्याच कामाला पगार आला, साहाय्यक आले, मैदान आले, आणि पुरुष उमेदवारही आले. नेमणुका करणारे बहुतेक ठिकाणी पुरुषच होते. २०१४ पर्यंत सर्व खेळांतील महिला संघ मिळून स्त्री प्रशिक्षकांचे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. सॉफ्टबॉलची स्थिती इतर खेळांच्या मानाने बरी आहे, पण आपले निरीक्षण चुकीचे नाही.

यातले सर्वांत मोठे नाव माइक कॅन्ड्रिया यांचे. मूळचे बेसबॉलपटू. सेंट्रल अॅरिझोना या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी सॉफ्टबॉल शिकवायला सुरुवात केली आणि १९८६ पासून २०२१ पर्यंत अॅरिझोना विद्यापीठाला आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा संघ त्यांच्याकडे होता. त्या संघाने सबंध स्पर्धेत ५१ धावा केल्या आणि एकच दिली. स्पर्धेच्या काही आठवडे आधीच त्यांची पत्नी मेंदूतील रक्तस्रावाने गेली होती. चार वर्षांनी बीजिंगला त्यांचाच संघ अंतिम सामन्यात जपानकडून १–३ असा हरला. अशा माणसाला ‘स्त्रीची जागा बळकावणारा’ म्हणणे अन्यायाचे होईल. तो उत्तम प्रशिक्षक होता, यात वाद नाही.

वाद आहे तो दुसरीकडे. पुरुषाला मुलींचा संघही मिळू शकतो आणि मुलांचाही. स्त्रीला मुलांच्या बेसबॉल संघाचे दार अपवादानेच उघडते. म्हणजे एकाला दोन रांगा आणि दुसरीला एकच, तीही सामाईक. हचिन्स हे जाहीरपणे आणि वारंवार बोलत आल्या. पण बोलण्यापेक्षा त्यांनी जे केले ते मला महत्त्वाचे वाटते. बॉनी थॉल ही त्यांच्याच संघात खेळलेली मुलगी पुढे सुमारे तीन दशके त्यांची साहाय्यक होती आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी मुख्य प्रशिक्षक झाली. दुसऱ्या साहाय्यक जेनिफर ब्रंडेज याही दोन दशकांहून अधिक काळ सोबत राहिल्या. ज्या व्यवसायात साहाय्यक दोन-तीन वर्षांत बिऱ्हाड हलवतात, तिथे ही गोष्ट सहज घडणारी नाही.

आणि पैसा आता थोड्या स्त्रियांपर्यंतही पोहोचला आहे. पॅटी गॅसो यांनी लाँग बीच येथील एका कनिष्ठ महाविद्यालयातून सुरुवात केली, १९९५ मध्ये त्या ओक्लाहोमा विद्यापीठात आल्या आणि २००० ते २०२४ या काळात त्यांनीही आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी शेवटची चार ओळीने. २०२४ च्या वसंतात तुटलेली त्यांच्या संघाची विजयांची मालिका ७१ सामन्यांची होती. त्यांचा वार्षिक मोबदला दहा लाख डॉलरच्या वर गेला आहे. हे टोक झाले; लहान महाविद्यालयातला सॉफ्टबॉल प्रशिक्षक आजही बसची आरक्षणे स्वतः करतो आणि पावसानंतर स्वतःच फावडे घेऊन होम प्लेटभोवतीचे पाणी काढतो.

प्रश्न : आम्ही बारा वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. मुलगी नववीत आहे आणि तिच्या शाळेची मुख्य पिचर आहे. तिचे क्लबमधले प्रशिक्षक म्हणतात की आतापासूनच महाविद्यालयांना गाठायला हवे. खरेच का? आम्हा दोघांनाही क्रिकेटपलीकडचे काही कळत नाही.
(एक आई, न्यू जर्सी)

उत्तर : ताई, घाई नको. वरच्या श्रेणीतील विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला मुलीच्या अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपूर्वी तिच्याशी भरतीबाबत संपर्कच करता येत नाही. हा नियम २०१८ चा आहे. त्याआधी सातवी-आठवीतल्या मुली तोंडी शब्द देऊन मोकळ्या होत असत, आणि पुढे मुलीची उंची, आवड किंवा त्या महाविद्यालयाचा प्रशिक्षक यांपैकी काहीतरी बदललेले असे. मुलगी आपल्या बाजूने पत्र किंवा खेळाची चित्रफीत पाठवू शकते, पण त्यावर उत्तर आले नाही म्हणून हिरमुसून जाऊ नये. ते उत्तर देऊच शकत नाहीत.

प्रशिक्षक काय पाहतात, हे कळले तर आपला बराच खर्च वाचेल. ते उन्हाळ्यातल्या क्लबांच्या स्पर्धांना कुंपणाबाहेर घडीची खुर्ची टाकून बसतात आणि चेंडूचा वेग यंत्राने मोजतात हे खरे. पिचर उभी असते ४३ फुटांवर, पण पाऊल टाकून चेंडू सोडते तेव्हा ते अंतर ३७-३८ फुटांवर आलेले असते. ताशी ७० मैलांचा चेंडू मग सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्याच जास्त वेळात समोर पोहोचतो. पण नुसता वेग अनेकींकडे असतो. शॉर्टस्टॉपच्या हातून सोपा चेंडू सुटला की पिचर तिच्याकडे कसे पाहते, बाद झाल्यावर डगआउटमध्ये शिरस्त्राण कसे ठेवते, सामना संपल्यावर सामानाची पिशवी स्वतः उचलते की आईच्या हाती देते, हेही ते पाहतात. यातली शेवटची गोष्ट आपल्या घरांत जरा अवघड आहे, हे मी जाणून आहे.

एक काळजी मात्र घ्यावी. हात खालून फिरतो म्हणून खांद्याला काही होत नाही, या समजुतीवर एकाच पिचरला दिवसात दोन-दोन सामने टाकायला लावण्याची सवय या खेळात जुनी आहे. २०२५ च्या अंतिम मालिकेत निर्णायक सामन्यापर्यंत टेक्सस टेक संघाचा प्रत्येक चेंडू निजारी कॅनडी या एकाच खेळाडूने टाकला होता. टेक्सस विद्यापीठाविरुद्धच्या त्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये तिच्यावर पाच धावा झाल्या, तिला बाहेर घ्यावे लागले आणि संघ ४–१० असा हरला. स्टॅनफर्ड सोडून या संघात येण्यासाठी तिला दहा लाख डॉलरहून मोठा करार मिळाला होता. खेळाडूने संघ बदलणे आणि स्वतःच्या नावावर पैसे मिळवणे हे दोन्ही आता नियमात बसते, त्यामुळे प्रशिक्षकाला दर उन्हाळ्यात स्वतःच्याच संघाची नव्याने मनधरणी करावी लागते. आपल्या मुलीच्या क्लबमध्ये दुसरी पिचर तयार केली जाते का, एवढे त्या प्रशिक्षकांना विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर क्लब बदलण्याचा विचार करायला हरकत नाही.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून सॉफ्टबॉल खेळले आहे. मला महाविद्यालयीन प्रशिक्षक व्हायचे आहे. इथे संधी आहे का, की परदेशी जावे?
(एक विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : आपल्याकडच्या महाविद्यालयात पद असते ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे, एकाच खेळाचा पगारी प्रशिक्षक हे पद आपल्या रचनेत नाही. म्हणजे सकाळी सॉफ्टबॉल, दुपारी बुद्धिबळाच्या निवड चाचण्या, संध्याकाळी कबड्डीच्या मैदानाला पाणी आणि मधल्या वेळेत प्रवासभत्त्याची देयके. मीही नोकरीची बहुतेक वर्षे डायमंडवर, म्हणजे चार बेसच्या चौकोनावर, स्वतः फक्की मारून मगच संघाला मैदानात उतरवले. तक्रार म्हणून हे लिहीत नाही, आपण कशाला होकार देत आहात ते कळावे म्हणून लिहितो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे या पदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण, नेट किंवा सेट, आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळल्याची नोंद आणि शारीरिक क्षमता चाचणी हे सारे लागते. आपली राष्ट्रीय स्पर्धेची प्रमाणपत्रे म्हणूनच जपून ठेवा आणि त्यांवरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेतील नावाशी अक्षरशः जुळते का, ते आजच तपासा. मुलाखतीच्या दिवशी अशा एका काना-मात्रेने अडलेले उमेदवार मी पाहिले आहेत. सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेमणूक झाल्यास सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते.

परदेशाचा मार्ग बंद नाही, पण तो थेट नोकरीचा नाही. हचिन्स यांनीही प्रशिक्षक होण्यापूर्वी दुसऱ्या राज्यात जाऊन पदव्युत्तर पदवी घेतली होती, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. आजही तिथे अनेक जण पदव्युत्तर शिक्षण घेता घेता विद्यापीठाच्या संघाला हाताखालचे साहाय्यक म्हणून या व्यवसायात शिरतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. मात्र हजारो मुली लहानपणापासून हाच खेळ खेळत मोठ्या झालेल्या असतात; त्यांच्या रांगेत उभे राहताना ‘मी राष्ट्रीय पातळीवर खेळले’ एवढे सांगून भागणार नाही. आपण काय शिकवू शकता, हे दाखवावे लागेल.

त्याची तयारी इथेच करता येते. जवळच्या एखाद्या शाळेचा मुलींचा संघ या जूनपासून हाती घ्या आणि प्रत्येक सामन्याचे गुणपत्रक स्वतः लिहा. कोणत्या इनिंगमध्ये, कोणत्या पिचरच्या कितव्या चेंडूवर, कोणती मुलगी कशी बाद झाली, सगळे. एक वही भरली की त्यातून आपल्याच संघाच्या अशा चुका दिसू लागतात, ज्या मैदानावर उभे राहून दिसल्या नव्हत्या. उमेदवारीचा अर्ज भरताना ती वही सोबत ठेवा. क्षमता चाचणीची चिंता करू नका. तिशीच्या आतील महिला उमेदवाराला १२ मिनिटांत १,००० मीटर अंतर काटायचे असते, आणि आपण तर बेसभोवती याहून जास्त रोजच धावत असाल.